एनआयसीयूत नवीन आहात? बाळाच्या रक्तातलं इन्फेक्शन लवकर कसं पकडायचं

हे लिहितोय ते नवीन रेसिडेंट आणि नवीन स्टाफ नर्ससाठी, ज्यांची नवजात बाळांच्या वॉर्डात किंवा एनआयसीयूत (नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागात) पहिलीच पोस्टिंग आहे. सेप्सिसचा, म्हणजे या रक्तातल्या इन्फेक्शनचा, चॅप्टर सगळ्यांनी वाचलेला असतो, लक्षणांची यादी पाठ असते, पण वॉर्डात बाळासमोर उभं राहिलं की ती यादी फारशी कामाला येत नाही कारण तिच्यातलं प्रत्येक लक्षण दुसऱ्या दहा कारणांनीही दिसतं. शुगर कमी झालेलं बाळ सुस्त, गारठलेलं बाळ सुस्त, हृदयाचा जन्मजात आजार असलेलं बाळही सुस्त आणि रक्तात जंतू शिरलेलं बाळही सुस्तच. नवजात बाळाला आजार दाखवता येतो तो मोजक्याच तऱ्हांनी, दूध सोडतं, हालचाल कमी करतं, श्वास बिघडतो, तापमान सांभाळता येत नाही, झालं.

म्हणून सुरुवातीलाच सांगून टाकतो, सेप्सिसचं निदान एका रिपोर्टवर होत नाही आणि एका वेळेला होत नाही. आधी बाळाकडे बघून संशय घ्यायचा, मग नीट सॅम्पल काढून औषध सुरू करायचं, आणि पुढच्या दोन दिवसांत तोच संशय परत तपासून औषध चालू ठेवायचं की बंद करायचं हे ठरवायचं. मधला भाग सगळेच करतात. पहिला घाईत राहतो आणि शेवटचा भीतीपोटी राहतो.

औषधांचे डोस इथे लिहिणार नाही, ते तुमच्या युनिटच्या प्रोटोकॉलप्रमाणे आणि सिनियरला विचारूनच. आणि कोणी आईवडील हे वाचत असतील तर तुमच्यासाठी एवढंच, महिन्याच्या आतलं बाळ नीट पीत नसेल, गळून गेलं असेल, अंग तापलं असेल किंवा गार पडलं असेल, झटके आले, श्वास घेताना छाती आत ओढली जात असेल तर घरी वाट बघत बसू नका, पुढचं वाचत पण बसू नका, सरळ हॉस्पिटल गाठा.

पायरी १: बाळाला हात लावायच्या आधी फाइल बघा

पहिला प्रश्न, बाळ किती तासांचं आहे? पहिल्या ७२ तासांत दिसणारा सेप्सिस साधारणपणे आईकडून, म्हणजे बाळंतपणाच्या वेळी आलेल्या जंतूंनी होतो. ७२ तासांनंतरचा बहुतेक वेळा बाहेरून आलेला असतो, आपल्या हातांवरून, लाइनमधून (रक्तवाहिनीत टाकलेल्या नळीतून), व्हेंटिलेटरच्या नळीतून. काही ठिकाणी ही रेषा ७ दिवसांवर धरतात. ही विभागणी पुस्तकी वाटते पण फाइलमध्ये काय शोधायचं ते तिच्यावरूनच ठरतं.

बाळ लहान तासांचं असेल तर आईची फाइल मागवा, बाळाच्या फाइलमध्ये तिचं एक ओळीचं वर्णन असतं तेवढ्यावर भागवू नका. पाणी फुटून किती तास झाले होते (१८ तासांच्या पुढे गेलं की धोका वाढतो), कळा चालू असताना आईला ३८ अंशांच्या वर ताप होता का, गर्भजलाला घाण वास होता का, गर्भपिशवीच्या आवरणाला इन्फेक्शन असल्याचं कोणी लिहिलंय का, ३७ आठवड्यांच्या आधीची डिलिव्हरी का, आधीच्या बाळाला जीबीएसचं (ग्रुप बी स्ट्रेप्टोकोकस, आईकडून बाळाला लागणारा जंतू) इन्फेक्शन झालं होतं का, या वेळी आईची जीबीएस टेस्ट झाली होती का आणि पॉझिटिव्ह असेल तर डिलिव्हरीच्या निदान ४ तास आधी तिला अँटिबायोटिक मिळालं होतं का. फाइलमध्ये नसेल तर आईलाच जाऊन विचारा, पाणी कधी गेलं हे तिला बरोबर आठवत असतं.

मोठ्या तासांच्या बाळाला वेगळे प्रश्न. वजन किती, लाइन कितवा दिवस, टीपीएन (शिरेतून दिलं जाणारं पोषण) चालू आहे का, व्हेंटिलेटरवर होतं का, ऑपरेशन झालंय का, आईचं दूध मिळतंय का, आधी अँटिबायोटिकचे किती दिवस झालेत, आणि शेजारच्या वॉर्मरवरच्या बाळाच्या कल्चरमध्ये (सॅम्पलमधले जंतू वाढवून बघायची टेस्ट) या आठवड्यात काय वाढलंय. हा शेवटचा प्रश्न कुठल्या फॉर्ममध्ये नसतो, पण युनिटमध्ये क्लेबसिएलासारखा एकच जंतू फिरत असेल तर सगळ्यात उपयोगाचा तोच.

३४ आठवडे किंवा त्यापुढच्या बाळांसाठी कायझर पर्मनंटेवाल्यांनी बनवलेला सेप्सिस कॅल्क्युलेटर बऱ्याच युनिटमध्ये वापरतात. त्यात बाळाचे आठवडे, आईचा सगळ्यात जास्त ताप, पाणी फुटल्यापासूनचे तास, जीबीएस आणि आईला मिळालेलं अँटिबायोटिक एवढं भरायचं, शिवाय तुमच्या भागात असं इन्फेक्शन किती प्रमाणात होतं तो आकडा निवडायचा. चांगलं साधन आहे, पण दोन गोष्टी. ३४ आठवड्यांच्या आतल्या बाळाला ते लावायचं नाही. आणि त्याचं उत्तर बाळाच्या तपासणीवर बदलतं, सकाळी बाळ छान होतं म्हणून आलेला सल्ला दुपारी बाळ कण्हायला लागल्यावर चालत नाही, तपासून परत भरावं लागतं.

पायरी २: बाळाकडे बघा, सुरुवातीला हात न लावता

ही पायरी सगळ्यात लांब लिहितोय कारण लवकर ओळखायचं म्हणजे मुख्यतः हेच, बाकी सगळं नंतरचं.

वॉर्मरशेजारी उभे राहा आणि दोन मिनिटं नुसतं बघा. श्वास पूर्ण एक मिनिट मोजा, १५ सेकंद मोजून चारने गुणू नका, नवजात बाळाचा श्वास मुळात अनियमित असतो, थोडं थांबतं मग भराभर घेतं, तुम्ही नेमका कुठला तुकडा पकडलात त्यावर आकडा कुठच्या कुठे जातो. मिनिटाला ६० किंवा जास्त असेल तर थोड्या वेळाने परत मोजा. नाकपुड्या फुलतायत का, छाती आत ओढली जातेय का, श्वास सोडताना बारीक कण्हण्याचा आवाज येतोय का. हातपाय आपणहून हलवतंय की नुसतं पसरून पडलंय. रंग कसा आहे, फिकट, राखाडी, की अंगावर जाळीसारखे डाग उमटलेत.

मग हात लावा. एक हात पोटावर आणि एक तळपायाला. पोट गरम आणि पाय गार म्हणजे एक तर बाळाला थंडी वाजतेय नाहीतर हातापायांचा रक्तपुरवठा कमी होतोय, नीट गुंडाळून, ऊब देऊनही पाय गारच राहिले तर दुसरं कारण गंभीरपणे घ्या. छातीच्या हाडावर बोटाने ५ सेकंद दाबून सोडा, रंग परत यायला ३ सेकंदांपेक्षा जास्त लागले तर नोंद करा. बीपी बघाच, पण ते चांगलं आहे म्हणून निवांत होऊ नका, नवजात बाळात बीपी पडतं तोवर बराच उशीर झालेला असतो.

तापमानाबद्दल नवीन लोकांचा हमखास गैरसमज असतो की इन्फेक्शन म्हणजे ताप. पूर्ण दिवसांच्या बाळाला ताप येऊ शकतो, पण कमी दिवसांचं बाळ उलट गार पडतं. नॉर्मल म्हणजे काखेत ३६.५ ते ३७.५. आता यातली खुबी अशी की बाळ वॉर्मरवर किंवा इन्क्युबेटरमध्ये सर्व्हो मोडवर (बाळाच्या तापमानाप्रमाणे हीटर आपोआप कमी-जास्त होतो तो मोड) असेल तर चार्टवर तापमान छान ३६.५ च दिसत राहणार, कारण बाळाचं काम मशीन करतंय. तेव्हा बाळाचा आकडा बघून थांबू नका, हीटर किती जोर लावतोय ते बघा. काल निम्म्या पॉवरवर भागत होतं आणि आज हीटर सतत फुल चालू आहे, किंवा उलट पूर्ण बंद होऊनही बाळ गरमच आहे, तर तापमान बिघडलंय असंच समजायचं, चार्ट काहीही म्हणो. आधी प्रोब (बाळाला चिकटवलेला तापमानाचा सेन्सर) सुटलेला नाही ना तेवढं मात्र बघून घ्या.

फीडचं बघा. कालपर्यंत ओढून पिणारं बाळ आज चोखतच नाहीये, नळीतून आदल्या फीडचं बरंच दूध परत येतंय, हिरवं येतंय, पोट फुगलंय. यात आतड्याचा आजार, म्हणजे एनईसी, पण असू शकतो आणि दोन्ही एकत्रही असू शकतात. शुगर कमी होणं सगळ्यांना माहीत असतं, पण त्याच ग्लुकोज रेटवर अचानक शुगर वाढायला लागणं हीसुद्धा खूण आहे, विशेषतः अगदी कमी वजनाच्या बाळात. काही दिवस ऍप्निया (श्वास मधेच थांबणं) न झालेल्या बाळाला परत ऍप्निया सुरू झाला तर 'प्रीमॅच्युअर आहे, होतं असं' म्हणून कॅफीनचा डोस वाढवून झोपायला जाऊ नका.

मग डायपर काढून, पूर्ण उघडं करून बघा. नाभीभोवतीची लाली आजूबाजूच्या कातडीवर पसरलीय का, काखेत, मानेच्या वळ्यांत, जांघेत पूचे फोड आहेत का, लाइनची जागा लाल किंवा सुजलेली आहे का, टाळू फुगलेली, ताठ लागतेय का. चारही हातपाय सारखे हलतायत का तेही बघा, एकच पाय न हलवणारं, हात लावला की रडणारं बाळ सांध्यात किंवा हाडात इन्फेक्शन घेऊन बसलेलं असू शकतं आणि हे फार सहज सुटतं.

जागतिक आरोग्य संघटनेने दोन महिन्यांच्या आतल्या बाळांसाठी धोक्याची जी लक्षणं ठरवलीत ती साधी आहेत आणि पाठ हवीतच: नीट न पिणं, झटके, मिनिटाला ६० किंवा जास्त श्वास, छाती जोरात आत ओढली जाणं, ३८ किंवा जास्त ताप, ३५.५ पेक्षा कमी तापमान, आणि डिवचल्याशिवाय न हलणं किंवा अजिबात न हलणं. ही मुख्यतः जिथे लॅब, मॉनिटर काही नाही अशा ठिकाणांसाठी आहेत. तुमच्याकडे मॉनिटर असेल तर यातलं काही दिसायच्या आधीच तुम्ही पकडायला हवं.

मॉनिटरवरून आठवलं, हृदयाचे ठोके नुसते किती आहेत तेवढं बघू नका, ट्रेंड उघडून बघा. तब्येत चांगली असलेल्या बाळाचे ठोके सारखे वरखाली होत असतात. सेप्सिसच्या आधी काही तास हा चढउतार कमी होतो, रेघ सपाट व्हायला लागते आणि मधेच छोटे छोटे खड्डे पडतात. याच गोष्टीवर हिरो नावाचा मॉनिटर बनवलाय आणि २०११ साली छापून आलेल्या अमेरिकेतल्या ट्रायलमध्ये, ३,००३ कमी वजनाच्या बाळांमध्ये, त्याचा स्कोअर डॉक्टरांना दाखवला त्या गटात मृत्यूचं प्रमाण १०.२ टक्क्यांवरून ८.१ टक्के झालं होतं. ते मशीन तुमच्याकडे नसेल, नसू दे, ट्रेंड स्क्रीन बहुतेक मॉनिटरला असतेच.

आणि सिस्टरचं ऐका. "हे बाळ आज बरं नाही वाटत मला" असं त्या म्हणाल्या आणि बाकी काहीच सापडलं नाही तरी त्याला शून्य किंमत देऊ नका. त्यांनी त्या बाळाला बारा तास हाताळलेलं असतं आणि तुम्ही दोन मिनिटं बघितलंय. आईचंही तसंच, कांगारू केअर देणाऱ्या आईला बाळाचा सैलपणा आपल्या आधी कळतो. असं कोणी म्हटलं की फाइलमध्ये वेळ टाकून लिहा आणि एका तासाने परत जाऊन बघा, हा तास विसरायचा नाही.

पायरी ३: दुसरं काही आहे का

शुगर लगेच, बेडसाइडला. सॅच्युरेशन, ब्लड गॅस, लॅक्टेट. जांघेतल्या नाड्या चाचपून बघा, त्या लागत नसतील तर महाधमनीचा प्रॉब्लेम असू शकतो, डक्टवर (जन्मानंतर आपोआप बंद होणारी हृदयाजवळची रक्तवाहिनी) अवलंबून असलेलं हृदय पहिल्या आठवड्यात हुबेहूब सेप्सिससारखं कोसळतं. अमोनिया आणि मेटॅबॉलिक आजार डोक्यात ठेवा, विशेषतः दोन-तीन दिवस छान दूध पिऊन मग गळालेल्या बाळात. पण दुसरं कारण सापडलं म्हणून सेप्सिस खोडू नका आणि दुसरी कारणं शोधण्यात अँटिबायोटिकला उशीरही करू नका. शुगर कमी सापडली, ग्लुकोज दिलं, शुगर वर आली आणि बाळ अजून तसंच मलूल, म्हणजे प्रश्न शुगरचा एकट्याचा नव्हताच.

पायरी ४: ब्लड कल्चर, आणि यात कंजूषी नको

पक्कं निदान अजूनही कल्चरवरच होतं आणि कल्चर बिघडवणं फार सोपं आहे. सगळ्यात मोठी गोष्ट रक्ताचं प्रमाण. निदान १ मिली. नवीन माणसाला भीती वाटते की एवढ्याशा बाळातून एवढं रक्त कसं काढू, मग अर्धा मिलीवर भागवतात, कधी कधी तर चार थेंब. हिशोब करून बघा, बाळात दर किलोला साधारण ८० ते ९० मिली रक्त असतं, म्हणजे १ किलोच्या बाळातला १ मिली म्हणजे शंभरातला एकच भाग, तेवढं चालतं. उलट रक्तात जंतू विरळ असतील तर कमी रक्तात एकही जंतू न सापडता कल्चर निगेटिव्ह येईल, आणि ते निगेटिव्ह कल्चर तुम्हाला पुढचे आठ दिवस छळेल कारण त्यावर कोणाचाच विश्वास नसणार. मिळून १ मिलीच निघालं तर ते सगळं एकाच पीडियाट्रिक एरोबिक बॉटलमध्ये घाला, दोन बॉटलमध्ये वाटू नका.

काढायची पद्धत: शिरेतून किंवा धमनीतून नवीन टोचून, टाचेला टोचून काढलेलं रक्त कल्चरला चालत नाही. हात धुऊन स्टराइल ग्लोव्हज. कातडी क्लोरहेक्सिडीन किंवा पोव्हिडोन आयोडीनने पुसा आणि पूर्ण सुकू द्या, काम सुकताना होतं, ओल्या कातडीवर टोचलं तर पुसलंय काय आणि नाही काय. सुकल्यावर शीर कुठे गेली म्हणून परत बोटाने चाचपू नका, ग्लोव्हज स्टराइल असतील तरच. अगदी कमी दिवसांच्या बाळाची कातडी स्पिरिटवाल्या क्लोरहेक्सिडीनने भाजू शकते, तिथे तुमच्या युनिटचं जे ठरलेलं सोल्युशन आहे तेच, थोडंसंच, पाठीखाली साचू न देता वापरा. आयोडीन वापरलं असेल तर नंतर पुसून काढा. बॉटलचं रबरी बूच स्पिरिट स्वॅबने पुसून सुकू द्या. रक्त पहिल्यांदा कल्चर बॉटलमध्ये, मग बाकीच्या ट्यूबमध्ये, उलट केलंत तर ट्यूबवरची घाण बॉटलमध्ये जाते.

आधीपासून असलेल्या लाइनमधून एकट्याने कल्चर पाठवू नका, त्यात काही वाढलं तर ते बाळाच्या रक्तातलं की लाइनच्या तोंडावरचं ते कळणार नाही. नुकतीच, निर्जंतुक पद्धतीने टाकलेली नाभीची लाइन असेल तर टाकता टाकताच त्यातून घेतलं तर चालतं. सेंट्रल लाइनवर संशय असेल तर एक सॅम्पल लाइनमधून आणि एक बाहेरून, सारख्याच प्रमाणात, एकाच वेळी. लाइनवालं कल्चर बाहेरच्यापेक्षा २ तास किंवा जास्त आधी पॉझिटिव्ह आलं तर लाइनच घर झालीय असं धरतात.

बॉटलवर नाव, तारीख, वेळ, कुठून काढलं आणि किती मिली. बॉटल फ्रीजमध्ये ठेवायची नाही. हे सांगायची वेळ येते म्हणून सांगतोय. लवकरात लवकर लॅबला, रात्री लॅब बंद असेल तर रूम टेंपरेचरला ठेवून सकाळी पहिल्यांदा तीच.

आणि हे सगळं अँटिबायोटिकच्या आधी. पण शीर मिळेना, तीन जणांनी टोचून झालं, बाळ राखाडी पडतंय, अशा वेळी कल्चरसाठी औषध अडवून धरू नका, औषध द्या.

पायरी ५: सीबीसी, सीआरपी आणि त्यांचं खरं वजन

सीबीसीमध्ये, म्हणजे रक्तपेशींच्या मोजणीत, बघायचं ते असं. पांढऱ्या पेशी वाढलेल्या दिसल्या की नवीन माणूस घाबरतो, पण जन्मल्या जन्मल्या ३०,००० पर्यंत आकडा नॉर्मल बाळातही दिसतो. काळजी करायची ती कमी झाल्यावर, ५,००० च्या खाली. न्यूट्रोफिल (पांढऱ्या पेशींचा एक प्रकार) बाळाचं वय तासांत धरून चार्टवर बघावे लागतात, आणि आईला बीपीचा त्रास असेल तर बाळाचे न्यूट्रोफिल इन्फेक्शन नसतानाही कमी असतात. कच्च्या आणि एकूण न्यूट्रोफिलचं प्रमाण, आयटी रेशो, ०.२ च्या वर गेला की संशय वाढतो, पण त्यासाठी स्लाइड माणसाने डोळ्यांनी बघायला हवी, मशीनच्या आकड्यावर जाऊ नका. प्लेटलेट कमी होणं ही खूण आहे पण उशिराची. आणि जन्मल्या क्षणी काढलेला सीबीसी जवळजवळ वाया जातो, ६ ते १२ तासांनी काढलेला जास्त बोलतो, अर्थात बाळ आजारी दिसत असेल तर तेवढं थांबायचा प्रश्नच नाही.

सीआरपी. याने जेवढी बाळं वाचवलीत तेवढाच गोंधळही घातलाय. सीआरपी म्हणजे इन्फेक्शन किंवा सूज असली की रक्तात वाढणारं प्रोटीन, तो लिव्हरमध्ये बनतो, इन्फेक्शन सुरू झाल्यावर वाढायला ६ ते १२ तास तरी जातात, शिखर १ ते २ दिवसांनी. म्हणजे तुम्ही बाळ खरंच लवकर पकडलंत तर पहिला सीआरपी नॉर्मलच येणार! तो नॉर्मल आला म्हणून औषध सुरू न करणं म्हणजे लवकर पकडल्याची शिक्षा बाळाला देण्यासारखं आहे. उलट अवघड डिलिव्हरी, जन्मताना गुदमरणं, मेकोनियम (बाळाची पहिली शी) फुप्फुसात जाणं, ऑपरेशन, लस, यातही तो वाढतो. मग उपयोग काय, तर औषध थांबवायला. २४ तासांच्या अंतराने दोन सीआरपी १० मिग्रॅ प्रति लिटरच्या खाली आले, बाळ चांगलं आहे, कल्चर निगेटिव्ह आहे, तर सेप्सिस असण्याची शक्यता फारच कमी उरते.

एक भानगड नेहमी होते, एका लॅबचा रिपोर्ट मिग्रॅ प्रति डेसिलिटरमध्ये असतो आणि दुसऱ्याचा प्रति लिटरमध्ये. १ आणि १० इथे एकच आहेत. युनिट वाचा.

प्रोकॅल्सिटोनिन ही तशीच दुसरी रक्ताची टेस्ट, तो सीआरपीच्या आधी वाढतो, साधारण ४ तासांत, पण पहिल्या दोन दिवसांत तो निरोगी बाळातही आपोआप वाढलेला असतो, त्यामुळे तासांप्रमाणे वेगळा कटऑफ लावावा लागतो. तिसऱ्या दिवसानंतर जास्त कामाचा.

काही युनिटमध्ये सेप्टिक स्क्रीन म्हणून पाच टेस्टचा संच करतात, पांढऱ्या पेशी ५,००० च्या खाली, न्यूट्रोफिल कमी, आयटी रेशो ०.२ च्या वर, सीआरपी वाढलेला, आणि मायक्रो ईएसआर (लाल पेशी खाली बसायचा वेग) पहिल्या तासाला १५ मिमीच्या वर, यातले दोन किंवा जास्त असले की पॉझिटिव्ह. बाळ ठीकठाक आहे, फक्त आईच्या हिस्टरीवरून संशय आहे, अशा वेळी याचा उपयोग होतो, निगेटिव्ह आला तर १२ ते २४ तासांनी परत करतात. बाळ डोळ्यांना आजारी दिसत असेल तर स्क्रीनच्या रिपोर्टची वाट बघायची नाही.

कानातला स्वॅब, नाभीचा स्वॅब, जठरातून ओढलेल्या पाण्याची तपासणी, हे रक्तात काय आहे ते सांगत नाहीत. कातडीवर कोण राहतंय तेवढं सांगतात. पाठवू नका.

पायरी ६: एलपी, युरिन, एक्सरे

एलपी, म्हणजे पाठीच्या मणक्यांतून सुईने पाणी काढून तपासणं, टाळायची सगळ्यांनाच हौस असते. पण रक्तात जंतू सापडलेल्या बाळांमध्ये पावभागापर्यंत बाळांना मेंदूज्वरही असू शकतो, आणि उलट बाजूने मेंदूज्वर असलेल्या बाळांपैकी बऱ्याच जणांचं, काही अभ्यासांत तिसऱ्या हिश्शापेक्षा जास्त जणांचं, ब्लड कल्चर निगेटिव्ह असतं. मेंदूज्वर असला तर औषधाचे दिवस बदलतात, कधी औषधही बदलतं. म्हणून ७२ तासांनंतरचा सेप्सिस, झटके, ताठ टाळू किंवा कल्चर पॉझिटिव्ह, यात एलपी हवीच. बाळ फार अस्थिर असेल किंवा प्लेटलेट खूप कमी असतील तर थांबा, औषध सुरू करा, स्थिर झाल्यावर करा, त्या पाण्याचं कल्चर तोवर निगेटिव्ह होऊ शकतं पण पेशी आणि प्रोटीनवरून अंदाज येतो. सॅम्पल लगेच लॅबला पोचवा, पडून राहिलं की शुगर उतरते आणि पेशी फुटतात. रक्त मिसळलेल्या एलपीत लाल पेशींवरून वजाबाकी करून पांढऱ्या पेशी काढायचे फॉर्म्युले असतात, त्यांच्या भरवशावर मेंदूज्वर नाही असं ठरवू नका.

युरिन कल्चर पहिल्या ७२ तासांत नको, काही हाती लागत नाही. नंतरच्या सेप्सिसमध्ये कॅथेटरने किंवा ओटीपोटातून सुईने काढून पाठवा, पिशवी चिकटवून घेतलेलं युरिन कल्चरला नको. एक्सरे श्वासाचा त्रास असेल तर, पोट फुगलं असेल तर पोटाचा.

पायरी ७: पहिला डोस

निर्णय झाल्यापासून एका तासात औषध बाळाच्या शिरेत जायला हवं. ब्रिटनच्या नाइस संस्थेच्या २०२१ च्या गाइडलाइनमध्येही हीच मर्यादा आहे. ऑर्डर लिहिली म्हणजे औषध गेलं असं नाही, मधे फार्मसी, मिक्सिंग, शीर मिळणं, ड्युटी बदलणं असं सगळं असतं, तेव्हा पहिला डोस गेला का ते स्वतः बघा आणि वेळ लिहा. अँटिबायोटिक कुठलं ते तुमच्या युनिटमधले जंतू कशाला दाद देतात त्यावर ठरतं, दुसऱ्या हॉस्पिटलात काय देतात त्यावरून नाही. बाळाच्या अंगावर पाण्याने भरलेले बारीक फोड, झटके, लिव्हरचे आकडे चढलेले असं काही असेल तर हर्पिस या व्हायरसचा विचार करा आणि सिनियरला लगेच सांगा, त्यावर अँटिबायोटिक चालत नाही, असायक्लोव्हिर लागतं.

पायरी ८: ३६ ते ४८ तासांनी परत तोच प्रश्न

इथे बहुतेक युनिटची गाडी अडकते. खरे जंतू असतील तर आजच्या ऑटोमॅटिक मशीनवर बहुतेक कल्चर २४ ते ३६ तासांत पॉझिटिव्ह होतात, ग्राम निगेटिव्ह तर बऱ्याचदा त्याच्याही आधी. म्हणजे ३६ ते ४८ तासांनी कल्चर निगेटिव्ह, बाळ चांगलं, सीआरपी दोनदा खाली, एवढं जमलं की औषध बंद करायचं. 'सुरू केलंच आहे तर पाच दिवस पूर्ण करू' हे वाक्य राउंडला ऐकू येईल. गरज नसताना लांबलेलं अँटिबायोटिक निरुपद्रवी नसतं, अगदी कमी वजनाच्या बाळांमध्ये त्याचा संबंध एनईसी आणि मृत्यू या दोन्हींशी दिसलाय, शिवाय पुढचा जंतू औषधाला दाद न देणारा तयार होतो तो वेगळाच. तुम्ही ज्युनियर आहात, बंद करायचा निर्णय तुमचा नाही, पण राउंडला "सर, ४८ तास झाले, कल्चर निगेटिव्ह आहे, थांबवायचं का?" एवढं विचारणं तुमचंच काम आहे.

कल्चर पॉझिटिव्ह आलं तर लॅबमधून फोनवर आधी फक्त ग्राम स्टेन (जंतूंना रंग देऊन मायक्रोस्कोपखाली काय दिसलं ते) कळतो. ग्राम निगेटिव्ह काड्या असतील तर त्याला कन्टॅमिनेशन (बाहेरून सॅम्पलमध्ये मिसळलेला जंतू) म्हणायची हिंमत करू नका. ग्राम पॉझिटिव्ह गोळ्यांचे घोस असतील तर दोन शक्यता, स्टॅफ ऑरियस किंवा कातडीवरचे साधे स्टॅफ. कातडीवरचे निघाले तर बघा, कल्चर किती तासांनी वाढलं, एका बॉटलमध्ये की दोन्हींत, बाळाला सेंट्रल लाइन आहे का, बाळ आजारी दिसतंय का. लाइन असलेलं कमी वजनाचं आजारी बाळ आणि दोन्ही बॉटल एका दिवसात पॉझिटिव्ह, तर ते खरं धरा. पूर्ण दिवसांचं, छान दूध पिणारं बाळ आणि एकच बॉटल उशिरा पॉझिटिव्ह, तर बहुधा तुमच्याच बोटावरचे पाहुणे. शंका असेल तर परत कल्चर. खरं इन्फेक्शन असेल तर औषध सुरू झाल्यावर एक-दोन दिवसांनी कल्चर परत पाठवायचंच, रक्त साफ झालं का ते बघायला.

आता उरलेली अवघड जात, कल्चर निगेटिव्ह आहे पण बाळ खरंच आजारी आहे. आधी बघा, कल्चर किती मिलीचं होतं आणि औषधाआधी काढलं होतं का. मग पायरी ३ ची यादी परत. आणि अँटिबायोटिकवर असूनही बिघडत चाललेलं, १ किलोच्या आतलं, लाइनवालं, प्लेटलेट घसरणारं, शुगर चढणारं बाळ असेल तर कॅन्डिडा या बुरशीचा विचार करा, ती कधी कधी कल्चरमध्ये यायला जास्त वेळ घेते आणि कधी येतही नाही.

हँडओव्हरला 'सेप्सिस, अँटिबायोटिक चालू' एवढंच लिहून घरी जाऊ नका. संशय कशावरून आला आणि किती वाजता, कल्चर किती वाजता, कुठून, किती मिली, पहिला डोस किती वाजता गेला, दुसरा सीआरपी कधी काढायचाय, एलपी झाली की राहिली आणि का राहिली, आणि कल्चरला ३६ तास नेमके किती वाजता पूर्ण होतात. ती वेळ रात्रीची असली तरी लिहा, त्या वेळी ड्युटीवर जो कोणी असेल त्याने लॅबला फोन करायचाय.